शिंगरू लगाम तोंडात घेतच नाही, काय करावं?

तापीकाठ:
नमस्कार मंडळी. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी शिंगरू घेतलं, नर आहे, रंग कुमैत. तेव्हा अदंत होतं, म्हणजे पक्का दात एकही आला नव्हता, आता मधले दुधाचे दात पडून नवे दोन दिसायला लागलेत, म्हणजे अडीचच्या आसपास असणार. स्वभावाला गरीब आहे, म्होरकी घालू देतं, चारी पाय उचलू देतं, खरारा करताना तर डुलक्या काढतं. पण लगाम नुसता दिसला की मान आढ्याला आणि दातखिळी बसते, आणि उजव्या कानाला हात लागला की जागेवर गर्रकन फिरतं, डाव्याचं तेवढं काही नाही. विकणारा म्हणाला होता की लगाम लावलेला आहे, कसा लावला असेल देव जाणे. गावात दोन मतं आहेत, एक म्हणतात वरच्या ओठाला दोरीचा पीळ द्या आणि काटेरी लगाम चढवा, दोन दिवसांत सुतासारखं सरळ होईल, दुसरे म्हणतात अजून वर्षभर राहू द्या. मला काही शर्यत किंवा लग्नात नाचवायचं नाही, शेतावर आणि नदीकाठी फिरायला बसायचंय, तेही घाईने नाही. पण लगामाची सवय आत्तापासून लावावी की नको, लावायची तर कुठलं लोखंड, म्हणजे तोंडात जाणारा दांडा, घ्यावं आणि या कानाचं काय करावं? घरात आधी घोडा नव्हता, बैल होते, तेव्हा जरा इस्कटून सांगा.

रांगडा गडी:
काटेरीच लावा. एकदा कळलं मालक कोण की मान खाली येते. लाड केले की डोक्यावर बसतात.

खोगीरभरती:
वरच्या भाऊंशी नंतर बोलतो, आधी तापीकाठ तुम्ही हे सांगा की फक्त उजव्याच कानाला का? दोन्ही कानांना हात लावू देत नसतं तर म्हटलं असतं सवय नाही, पण एकाच बाजूला फिरतंय म्हणजे तिथं काहीतरी झालेलं आहे किंवा आत्ता काहीतरी आहे. बाजारात शिंगरू आवरायला कान पिळून धरतात, हे सर्रास चालतं, टेम्पोत चढवताना तर हमखास. दुसरं म्हणजे गोचीड, कानाच्या आत खोलवर बसतात, वरून दिसत नाहीत, आधी उजेडात नीट बघून घ्या. कान साफ असेल तर मग सवयीचं काम.

तुमच्याकडं दोन वेगवेगळी भांडणं आहेत, एक कानाचं आणि एक तोंडाचं, आणि लोक काय करतात तर दोन्ही एकाच वेळी सोडवायला जातात, म्हणजे लोखंड दातावर आपटतंय आणि तेवढ्यात पट्टी कानावरून ओढतायत, मग शिंगरू मान वर करणार नाही तर काय करणार. आधी कान घ्या. डाव्या खांद्याजवळ उभं राहायचं, उजवा हात मानेवर ठेवायचा आणि आयाळीतून खाजवत खाजवत वर सरकायचं, जिथं ते आखडतं त्याच्या चार बोटं अलीकडं थांबायचं. मान जराशी खाली आली, श्वास सोडला, की हात लगेच काढून घ्यायचा. ते मान वर करत असताना हात काढलात तर ते शिकतं की मान वर केली की माणूस जातो, आणि मग रोज तेच करणार. सगळी गोम हात कधी काढायचा यात आहे. कानाच्या बुडाला कपड्याने पुसा, मग दोरीचा सैल फास करून कानावरून मागं-पुढं न्या, कधी डाव्याने सुरुवात कधी उजव्याने. मारवाडीचे कान टोकाला टोक भिडणारे, तिकडं कानालाच किंमत असते, तो दुमडून पट्टीखाली कोंबला की पुढच्या वेळी कानापर्यंत पोचूच देत नाही.

आणि कान सुधारेपर्यंत लगाम कानावरून घालायचाच नाही. डावीकडची गालपट्टी बकलातून सोडा, वरची पट्टी मानेवरून कानामागं ठेवा, लोखंड नुसतं उजव्या गालपट्टीला लटकलेलं राहील, मग ते तोंडाखालून आणून आत घ्यायचं आणि डावं बकल लावायचं. कानाला हातच लागत नाही. काढताना उलटं. हे बरेच जण करत नाहीत कारण एक मिनिट जास्त लागतं.

तोंडाचं म्हणाल तर सुरुवातीचे दिवस लोखंड काढून टाका आणि नुसत्या पट्ट्या घाला, त्यातच फिरवून आणा. मग लोखंड लावा, त्याला गुळाचं पाणी चोळा, थंडीत पहाटे घालत असाल तर हातात धरून गरम करून घ्या. समोरचे दात संपल्यावर दाढांपर्यंत मोकळी हिरडी असते, तिथं ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत सरकवून जिभेवर टेकवा, तोंड आपोआप उघडतं. तिथं दात नाहीत त्यामुळं बोट चावलं जात नाही, पण अंगठा मागं दाढांकडं नेऊ नका नाहीतर मग मला शिव्या देऊ नका. तोंड उघडलं की लोखंड वर उचलायचं, दातांवर दाबून रेटायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे घालण्यापेक्षा काढण्यात आहे. घाईने पट्टी काढली की लोखंड खालच्या दातांत अडकतं, शिंगरू घाबरून मान वर फेकतं, लोखंड आणखी घट्ट अडकतं, आणि त्या दिवसापासून लगाम म्हटलं की तेच आठवतं. तुमच्या शिंगराची दातखिळी बहुतेक याचीच आहे, विकणाऱ्याने काढताना हिसका दिलेला असणार. पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी खाली आणायची आणि थांबायचं, त्याने स्वतः तोंड उघडून लोखंड बाहेर टाकेपर्यंत थांबायचं, कितीही वेळ लागो. आणि लोखंड तोंडात असताना खुंट्याला कधीही बांधायचं नाही, दचकून मागं ओढलं तर जीभ फाटते नाहीतर जबडा दुखावतो. बांधायचं तर लगामाखाली म्होरकी असू द्या, तिलाच दोर.

गुरांचा डॉक्टर:
खोगीरभरतींनी हाताळणी छान सांगितली आहे, मी त्याच्या आधीचं सांगतो. अडीच वर्षांच्या शिंगराच्या तोंडात काय चाललेलं असतं हे कुणी बघतच नाही. समोरचे मधले दात अडीच वर्षांच्या सुमारास बदलतात, पुढचे साडेतीनला, कडेचे साडेचारला, हे बाजारात सगळ्यांना पाठ असतं, दोन दाती, चार दाती म्हणून वय त्यावरच ठरतं. पण त्याच काळात आत दाढाही बदलत असतात. पुढच्या तीन दाढा अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान बदलतात आणि दुधाच्या दाढेची टोपी नव्या दाढेवर सैल होऊन डुगडुगत असते, खाताना त्रास होतो, तोंडात काही घेऊ नये असं वाटतं. म्हणजे आपण लगाम शिकवायला नेमका तोच काळ निवडतो.

दुसरा मुद्दा वुल्फ टूथचा. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या अगदी पुढे एक बारकी, बिनकामाची दाढ काही घोड्यांना येते, साधारण सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान. लगामाचा ताण आला की ओठाच्या आतली बाजू लोखंड आणि ही दाढ यांच्यात चेपली जाते. सगळ्यांना त्रास देतेच असं नाही, पण काहींची ही दाढ हिरडीखाली आडवी दडलेली असते, बाहेर दिसत नाही, बोट फिरवलं तर गाठ लागते आणि शिंगरू झटका मारतं. नरात चार-पाच वर्षांचे झाले की सुळे येतात, ते वेगळे, ते काढायचे नसतात.

तेव्हा काटेरी, बिनकाटेरी हा वाद नंतर, आधी तोंड तपासून घ्या. दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झाल्या असतील तर गालाला आतून जखमा असतात, त्या घासून घ्याव्या लागतात. हे स्वतः करू नका, तोंड उघडं ठेवायचं साधन आणि गुंगीचं इंजेक्शन लागतं.

वय म्हणाल तर तोंडात लोखंडाची ओळख आत्ता चालेल, पाठीवर वजन मात्र सावकाश. पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला पाच-साडेपाच वर्षं लागतात.

रांगडा गडी:
डॉक्टर पुस्तकातलं सांगतायत. आमच्याकडे मिरवणुकीला घोडी असते, समोर डीजे, मागं हजार माणूस, फटाके, तिथं ही गुळाची लगाम चालत नाही. काटेरी नसेल तर घोडी गर्दीत घुसेल, मग कोण निस्तरणार? बापजाद्यांपासून चालत आलंय.

खोगीरभरती:
गर्दीत घुसणारी घोडी डीजेसमोर नेऊच नये हे माझं उत्तर आहे, पण ते तुम्हाला पटणार नाही कारण त्यावर पोट आहे, समजतं. तरी सांगतो, माझ्याकडं अशा घोड्या सुधारायला येतात. तोंडाच्या कोपऱ्यात जुन्या जखमांचे गठ्ठे असतात, तिथं काही जाणवतच नाही, म्हणून मालक आणखी कडक लोखंड घेतो. काट्याने घोडी थांबते ती दुखतं म्हणून, आणि ज्या दिवशी फटाक्याची भीती त्या दुखण्यापेक्षा मोठी होते त्या दिवशी काटा असो नसो ती जाते. थांबायला शिकलेली घोडी वेगळी.

गुरांचा डॉक्टर:
कायद्याचंही सांगून ठेवतो. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांबद्दलचे १९६५ चे केंद्राचे नियम आहेत, त्यात काटे किंवा टोकं असलेला लगाम वापरायला स्पष्ट मनाई आहे, जनावर हाकण्यासाठी असो की बसण्यासाठी. जत्रेत दुकानात उघड टांगलेला असतो म्हणून चालतो असं नाही. आणि मोकळ्या हिरडीखाली लगेच हाड असतं, मधे मांस जवळजवळ नाहीच. वारंवार मार लागला की त्या हाडावर खडबडीत वाढ होते, ती आयुष्यभर राहते.

किल्डेअरची सुनबाई:
मी आयर्लंडमध्ये एका तबेल्यात काम करते, किल्डेअर म्हणजे इकडचं घोड्यांचं माहेरघर, त्यामुळे दर वर्षी शरद ऋतूत सेल झाले की दीड वर्षाची थरोब्रेड (शर्यतीच्या जातीची) पिल्लं लगामाला येतात, दोन वर्षांची झाली की शर्यतीला उतरायची असतात म्हणून ही सगळी घाई. तापीकाठ, तुम्हाला ती घाई नाहीये तर कशाला करता, बरं नशीब आहे त्या शिंगराचं. इकडे बरेच जण सुरुवातीला मधे तीन छोट्या किल्ल्या लटकणारं लोखंड घालतात, पिल्लू जिभेने खेळत राहतं. आमच्या जुन्या हेड लॅडला, म्हणजे तबेल्यातल्या कामगारांच्या मुकादमाला, ते अजिबात आवडत नाही, त्याचं म्हणणं त्याने पिल्लं चाळा करायला शिकतात आणि जीभ लोखंडावर काढतात, आणि बघून बघून मलाही तेच पटायला लागलंय. साधं स्नॅफल, म्हणजे दोन्ही टोकांना कड्या असलेलं साधं लोखंड, मधे दोन सांधे असलेलं, बास. एकच सांधा असला की ताण आल्यावर मधोमध दुमडतं, दोन सांध्यांचं जिभेवर जरा सपाट बसतं.

जाडीबद्दल एक गैरसमज आहे की जाड म्हणजे मऊ. मारवाडीचं तोंड लहान आणि नाजूक, जीभच सगळी जागा व्यापते, त्यात जाडजूड लोखंड घातलं तर तोंड मिटताच येत नाही. मध्यम घ्या. माप घ्यायला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सुतळी तोंडातून घाला आणि ओठाशी दोन्हीकडे खूण करा, त्यापेक्षा दोन्ही बाजूंना अर्धा सेंटीमीटर जास्त हवं, बहुतेक साडेचार ते पाच इंचांत बसेल. ओठाच्या कोपऱ्याला एक हलकी सुरकुती पडेल इतकं वर बांधा, लहान पिल्लाला फार सैल लोंबतं ठेवलं तर जीभ वर काढायला शिकतं आणि ती खोड मोडायला फार वेळ जातो. नाकावरची पट्टी घालणार असाल तर नाकाच्या हाडावर दोन बोटं आरामात गेली पाहिजेत, तोंड उघडतंय म्हणून आवळून बांधू नका, उघडतंय ते काहीतरी सांगतंय म्हणूनच.

वस्तू कुठून घ्यावी तर कानपूर. तिथल्या खोगीर-लगामाला जीआय टॅग आहे आणि माल परदेशातही जातो.

तापीकाठ:
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. टॉर्च लावून कान बघितला, खोगीरभरतींचं खरं निघालं, आत गोचीड होते, पाच-सहा तरी, आजूबाजूला खपली पण आहे. गावातल्या डॉक्टरांनी औषध टाकलंय. तोंडात बोट घालून बघितलं तर वर उजवीकडे दाढेच्या पुढं बारीक टोक लागतंय, डावीकडं नाही. आमच्या डॉक्टरांकडं घोड्याचं तोंड उघडायचं साधन नाही, ते म्हणाले गाई-म्हशीचं करतो, घोड्याचं केलं नाही कधी. आता? आणि लोखंड न घालता मधल्या काळात काही शिकवता येईल का, की सगळंच थांबवू?

खोगीरभरती:
थांबवायचं कशाला, उलट निम्मं काम बिनलोखंडाचंच असतं. म्होरकीच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना लांब दोऱ्या लावा, पाठीला पट्टा बांधून त्याच्या कड्यांतून दोऱ्या मागं घ्या आणि लाथेच्या टप्प्याबाहेर राहून मागून चालत हाका, बैल हाकलेत तर तुम्हाला हे आमच्यापेक्षा लवकर जमेल. आधी म्होरकीचा एकच दोर हातात धरून बाजूला मान वळवायची, जरासा ताण द्यायचा, ओढायचं नाही, मान वळली रे वळली की ढिला. दोन्ही बाजूंना. मग मागं सरकणं, तसंच. तोंडी शब्द ठरवून घ्या, चल, हो, मागं, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरा. हे पक्कं झालं की पुढं त्याच दोऱ्या लोखंडाला लावायच्या, शिंगराला नवीन फक्त जागा असते, अर्थ तोच असतो. पहिले काही दिवस लोखंड आणि म्होरकी दोन्ही घालून दोऱ्या म्होरकीलाच ठेवा. लोखंड तोंडात असताना हातून थोडा लसूणघास द्या, चघळायला लागलं की जबडा सैल पडतो.

गुरांचा डॉक्टर:
गोचीड काढल्यावर कान लगेच बरा होणार नाही, खपली जाईपर्यंत तिकडे हात कमी लावा. दाढेसाठी तुमच्या बाजूने नवसारीचं पशुवैद्यकीय कॉलेज जवळ पडेल, नाहीतर अकोला. जाण्याआधी फोन करून विचारा की घोड्याचे दात बघणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात. वुल्फ टूथ काढणं फार मोठं काम नाही, उभ्या घोड्याला गुंगी आणि जागेवर भूल देऊन होतं. मात्र धनुर्वाताची लस आधी झालेली आहे का ते बघा, बाजारातून आणलेल्या शिंगराची बहुतेक झालेली नसते आणि घोडा धनुर्वाताला फार नाजूक. दाढ काढल्यावर दोन आठवडे तरी तोंडात लोखंड नको, आणि त्यानंतरही पहिल्यांदा घालण्याआधी बोट फिरवून हिरडी भरली का ते बघा. त्याच वेळी दाढांच्या टोप्यांचंही बघून घ्यायला सांगा, म्हणजे दोन फेऱ्या होणार नाहीत.

तापीकाठ:
लसीचा कागद काही मिळाला नव्हता, म्हणजे झालेली नाही असंच धरतो. उद्या नवसारीला फोन लावतो. टेम्पोत चढवताना कान कुणी धरणार नाही हे मात्र आधीच सांगून ठेवतो ड्रायव्हरला.