ऊलाँग म्हणजे नक्की काय? 'काळा ड्रॅगन' चालेल का?

भाऊ मागच्या आठवड्यात शेन्झेनहून आला, येताना चहाचा डबा घेऊन आला, त्यावर ऊलाँग लिहिलंय. आईने नेहमीसारखं आलं-साखर-दूध घालून मस्त खळाखळा उकळलं आणि गाळायला घेतलं तर गाळणंच भरलं, त्या बारक्या गोळ्या फुगून अख्खी पानं झालेली, देठासकट! आई म्हणे हा चहा आहे की निवडायची राहिलेली मेथी. चवीबद्दल बोलत नाही. माझा प्रश्न शब्दाचा आहे. नेटवर अर्थ मिळतो 'काळा ड्रॅगन', पण पान तर हिरवट आहे. दुसरीकडे 'अर्धवट आंबवलेला चहा' असं वाचलं, म्हणजे इडलीच्या पिठासारखा का? आणि मराठीत लिहायचं कसं, ऊलाँग, ओलाँग की उलोंग?

————

दुधात उकळलात? अरेरे. असो.

चिनी शब्द दोन अक्षरांचा आहे, वू आणि लुंग. वू म्हणजे मुळात कावळा, त्यावरून काळा. लुंग म्हणजे ड्रॅगन. शेवटचा ग पूर्ण म्हणायचा नाही, नाकातच सोडून द्यायचा. ऊलाँग हे इंग्रजीतून आलेलं रूप, तेच रुळलंय तर तेच लिहा, उगाच शुद्धीकरण नको. काळा का, तर जुन्या पद्धतीचं पान वाळल्यावर काळपट आणि पीळ पडलेलं दिसतं, म्हणून असं सांगतात. एक दंतकथाही आहे, वूलुंग नावाचा शिकारी चहा खुडून येताना हरणामागे धावला, घरी हरणाच्या नादात पानं विसरला, सकाळी बघतो तर पानांचा रंग आणि वास बदललेला. कथा म्हणून छान आहे, व्युत्पत्ती म्हणून मी तरी घेणार नाही.

————

'आंबवलेला' वर माझा आक्षेप. आंबवायला जंतू लागतात, यीस्ट लागतं. इथे तसलं काही नाही. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, म्हणून आपण पाण्यात टाकतो, तेच चहाच्या पानात होतं, पेशी फुटल्या की आतलं एन्झाइम आणि हवा एकत्र येतात. ग्रीन टीत पानाला लगेच उष्णता देऊन हे थांबवतात, आपल्या नेहमीच्या चहात पूर्ण होऊ देतात, आणि ऊलाँगमध्ये मधेच कुठेतरी थांबवतात. हे 'मधेच' म्हणजे ढोबळमानाने १० पासून ८० टक्क्यांपर्यंत काहीही, त्यामुळे एक ऊलाँग फुलासारखा लागतो आणि दुसरा भाजलेल्या दाण्यासारखा.

कसं करतात तेही सांगते कारण शब्द त्यातच सापडेल. पान उन्हात जरा कोमेजवतात, मग बांबूच्या मोठ्या टोपल्यात घेऊन हलवतात, ठेवतात, परत हलवतात, रात्रभर हे चालतं. आपण सुपात धान्य घोळतो तसं. पानाच्या कडा एकमेकांवर घासून खरचटतात आणि फक्त कडाच तांबूस होतात, मधलं पान हिरवंच राहतं. चिनी लोक याला 'हिरवं पान, लाल काठ' म्हणतात. म्हणजे चक्क हिरव्या लुगड्याचा लाल काठ की हो! 'अर्धवट आंबवलेला' पेक्षा मी 'काठ रंगलेला' म्हणेन.

————

ताई, काठ रंगलेला एकदम आवडलं.

ड्रॅगनबद्दल थोडं. ड्रॅगन म्हटलं की आपल्याला आग ओकणारा दिसतो, चिनी लुंग पाण्याचा आणि पावसाचा. बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनीत गेले तेव्हा 'नाग' या शब्दाला भाषांतरकारांनी लुंग हेच अक्षर वापरलं, नागार्जुनाचं चिनी नाव लुंगशू, त्यातला लुंग तोच. त्या हिशोबाने वूलुंगचं मराठी 'काळा नाग' होईल 😀 पण डब्यावर तसं छापलं तर घेणार कोण.

बाकी चिनी लोक याला ऊलाँगबरोबरच 'छिंगछा' असंही म्हणतात, छिंग म्हणजे हिरवा-निळा यांच्या मधला रंग. आणि गंमत म्हणजे इंग्रजीतला ब्लॅक टी चिनीत 'लाल चहा', त्यांचा 'काळा चहा' हा भलताच, पु-अर नावाच्या चहाच्या जातीचा, आणि आपल्याकडे काळा चहा म्हणजे बिनदुधाचा, कोरा. तीन भाषा, तीन काळे चहा.

————

वा, भरपूर मिळालं. भावाला विचारलं, तो म्हणे डब्यावर 'तिएक्वानयिन' पण लिहिलंय, हे काय?

————

तो फूच्येन प्रांतातल्या आन्शीचा प्रसिद्ध ऊलाँग. तिए म्हणजे लोखंड आणि क्वानयिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याला पद्मपाणी म्हणून बघतो तोच, चीनमध्ये जाऊन देवीच्या रूपात पुजला गेला. म्हणजे तुमच्या आईने लोखंडी अवलोकितेश्वर आलं घालून उकळला. त्याच प्रांतात वूयी डोंगर आहे, तिथल्या खडकांतला ऊलाँग जास्त भाजलेला आणि काळपट असतो, 'काळा' त्यालाच शोभतो. तुमच्यासारख्या हिरव्या आन्शीत लाल काठ हल्ली फारसा दिसत नाही.

हो आणि चिनीत वूलुंगचा अजून एक अर्थ आहे, घोळ, गफलत. फुटबॉलमध्ये स्वतःच्याच गोलात बॉल मारला की तो 'वूलुंग बॉल', इंग्रजी ओन गोल कँटोनीज (दक्षिण चीनची भाषा) कानाला तसं ऐकू आलं म्हणतात.

आता दूध विसरा. छोट्या भांड्यात पाच-सहा ग्रॅम गोळ्या, वर शंभर मिली उकळतं पाणी, पहिलं पाणी ओतून द्या, मग पंधरा-वीस सेकंदांत गाळा. तीच पानं पाच-सहा वेळा चालतात.

————

केलं. चौथ्या पाण्याला आई म्हणाली फुलांचा वास येतोय. आणि उघडलेली पानं नीट बघितली, दोन-तीन पानांना काठ आहे, अगदी फिकट. घरी आता याला वूलुंगच म्हणतो, पहिल्या दिवसाच्या घोळासकट.