मदत हवी आहे: एकच पॅराथायरॉइड हार्मोन हाड बांधतं आणि झिजवतंही, हे कसं?

मंडळी, हाडांच्या पेशींमधल्या संदेशमार्गांचा अभ्यास करतेय आणि एका ठिकाणी अडकलेय. जाणकारांपैकी कोणी समजावून सांगेल का?

हाड बांधण्याचा संदेश देणारा विंट मार्ग कळला. विंट प्रथिन एलआरपी-५/६ आणि फ्रिझल्ड या ग्राहींना (पेशीवरच्या संदेश पकडणाऱ्या प्रथिनांना) चिकटलं की बीटा-कॅटेनिन हे पेशीतलं प्रथिन नष्ट होण्यापासून वाचतं, केंद्रकात जातं आणि ऑस्टिओब्लास्ट पेशी हाड बांधू लागतात. स्क्लेरोस्टिन हे प्रथिन म्हणजे त्यावरचा ब्रेक. हाडातच गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट पेशी तो सोडतात आणि हाडावर भार पडला की कमी सोडतात. ही रचना मला फारच सुंदर वाटली. झिजेची बाजूही सरळ आहे: रँकल हे प्रथिन ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड झिजवणाऱ्या पेशी, तयार करवतं; ओपीजी हे दुसरं प्रथिन रँकलला मधेच अडवतं.

घोळ पॅराथायरॉइड हार्मोनपाशी आहे. ते स्क्लेरोस्टिन कमी करतं, म्हणजे हाड वाढायला हवं. पण तेच रँकल वाढवतं आणि ओपीजी घटवतं! टेरिपॅराटाइड (याच हार्मोनचं औषधी रूप) रोज २० मायक्रोग्रॅम टोचलं की हाड भरतं. पण पॅराथायरॉइड ग्रंथीच ते सतत जास्त स्रवत राहिली तर हाड, विशेषतः बाहेरचं घट्ट हाड, झिजतं. ग्राही तोच, पेशीही त्याच.

मग पेशीला कालावधी कळतो कुठे? रँकलचं जनुक शांत व्हायला वेळच मिळत नाही म्हणून, की ग्राही पेशीच्या आत ओढला जातो म्हणून? ‘चढउतार महत्त्वाचे’ एवढ्या उत्तराने समाधान होत नाही. सीएएमपीपासून (ग्राही जागा झाल्यावर पेशीच्या आत तयार होणाऱ्या संदेशवाहक रेणूपासून) पुढच्या पायऱ्या कोणी क्रमाने मांडल्या तर फार मदत होईल. एखादा चांगला आढावा लेख माहीत असेल तर तोही सांगा.