मदत हवी आहे: वडिलांच्या पायासाठी करंटचं मशीन घरी घ्यावं का?

सुरंगी:
आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो. बाबांना पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतात, पण डावं पाऊल उचलत नाही, चवडा घासतो. घराकडे यायला पाखाडी. जांभ्याच्या पायऱ्या, एकीसारखी दुसरी नाही. रोज जीव टांगणीला.

कुडाळला फिजिओथेरपी चालू आहे. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या जरा खाली एक पॅड आणि नडगीशेजारच्या मांसल भागावर दुसरा. करंट सोडला की पाऊल आपोआप वर! बाबा म्हणाले, "पाय जितो आसा मगे!" पण थोड्या वेळाने तेवढ्याच करंटला पाऊल कमी उचलतं. असं होतं का? ऑनलाइन टेन्स मशीन स्वस्तात दिसतंय, ते चालेल? शिवाय इथल्या घामाने पॅड सुटतात.

खाडीकाठ:
आधी सांगा, पेसमेकर नाही ना? पायात रक्ताची गुठळी, फिट्स? यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

मी फिजिओ आहे. टेन्स मुख्यतः दुखणं कमी करायला, बहुधा ८०-१०० हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला तेवढे झटके) आणि स्नायू आखडणार नाही इतक्या बेताने देतात. तुम्हाला हवं ते स्नायूंचं स्टिम्युलेटर, एनएमईएस. साधारण २० ते ५० हर्ट्झ, पल्स जास्त रुंद, म्हणजे प्रत्येक झटका जरा जास्त वेळ टिकणारा, मध्ये विश्रांती. पाऊल दमणारच. आपण स्वतः पाय उचलतो तेव्हा स्नायूतले तंतू आळीपाळीने राबतात, मशीन तेच तेच तंतू एकदम जुंपतं. करंट येताना बाबांनी स्वतःही पाऊल उचलायचा प्रयत्न करायला हवा, नुसतं बघत बसू नये.

पक्षाघातात बिघाड मेंदूत असतो, पायाची नस शाबूत, म्हणून हे जमतं. टाच उचलताच करंट देणारी यंत्रंही आहेत, कल्पना १९६१ची, लिबरसन नावाच्या डॉक्टरांची, पण महाग. पाखाडीसाठी मी तरी आधी स्प्लिंट, म्हणजे पाऊल खाली पडू न देणारा पट्टीचा आधार, सुचवेन.

पॅड लावण्याआधी पाय साबणाने धुऊन कोरडा करा. खोबरेलाचं मालीश नंतर.

सुरंगी:
पेसमेकर, गुठळी, फिट्स, काहीच नाही. मालीश मात्र आई सकाळीच उरकते, तिला सांगते. स्प्लिंटचं अडतंय ते बुटावर: बाबांनी जन्मभर चपलाच घातल्या. पट्ट्याच्या सँडलमध्ये बसेल असा स्प्लिंट सावंतवाडी-कुडाळकडे कुणी मापाने करून देतं का?