बाल्डर्स गेट ३: एम्पररचं पक्षांतर पटलं का?

माटुंगारोड:
स्पॉयलर आहेत, खेळायचा असेल त्यांनी इथूनच फिरा. २०२३ च्या या गेममध्ये एम्परर हा माइंड फ्लेअर (मेंदू खाणारा राक्षस) जवळजवळ शेवटपर्यंत आपल्याला वाचवतो. शेवटी मात्र दोनच वाटा. कैदेतल्या ऑर्फियस या राजपुत्राचा मेंदू त्याला खाऊ द्या, नाहीतर ऑर्फियसला सोडवा. सोडवायचं ठरवलं की हा पठ्ठ्या तडक नेदरब्रेनला, म्हणजे माइंड फ्लेअरना हुकमात ठेवणाऱ्या महामेंदूला, जाऊन मिळतो. ज्याच्या गुलामीतून सुटायला एवढा आटापिटा केला, त्यालाच! ही लेखकाची सोय झाली. दोघांची बोलणी का नाही लावता येत?

भांडुपवाली:
बोलणी कसली? ऑर्फियस गिथ्यांकी जमातीचा राजपुत्र, माइंड फ्लेअर दिसला की कापायचा हे त्यांचं बाळकडू. त्यात एम्पररने त्याला साखळदंडात ठेवून त्याचीच शक्ती वापरली, त्याचे रक्षक आपल्याकडून मारून घेतले. सुटल्यावर चहा पाजणार होता का? आणि एम्परर पहिल्यापासून स्वप्नात खोटा चेहरा घेऊन येतो. जिवावर बेतलं तेव्हा जिवलग मित्र अन्सुरलाही त्याने मारलं. त्याची निष्ठा एकाच जिवाशी, स्वतःच्या.

माटुंगारोड:
मान्य. मग रागावून निघून जाऊ दे ना. थेट पक्षांतर? मंत्रालयासमोर राहिल्यासारखं वाटलं.

भांडुपवाली:
😄 जाणार कुठे? ऑर्फियसचं कवच गेलं की नेदरब्रेन त्याला ओढणारच. फरफटत जाण्यापेक्षा आपणहून गेला.

लॅमिंग्टनरोडचा_जुना_गिऱ्हाईक:
पोरांनो, जबरदस्ती बघायची तर फॉलआउट ३ (२००८). शेवटी रेडिएशनने भरलेल्या खोलीत कोणीतरी मरायला जायचं. सोबत फॉक्स नावाचा साथीदार असला तर त्याला रेडिएशनने काहीच होत नाही, पण तो म्हणतो, ही तुझी नियती! लोकांनी बोंब मारल्यावर २००९ च्या ब्रोकन स्टील या पुरवणीत त्याला पाठवायची सोय झाली. तरी निवेदक आपल्याला टोमणा मारतोच. तिथे पात्राचा स्वभाव वगैरे काही नव्हतं, दार नुसतं बाहेरून कडी लावून बंद केलेलं.

माटुंगारोड:
काका, तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. ऑर्फियसला सोडवल्यावरही कोणालातरी माइंड फ्लेअर व्हावंच लागतं: आपण, आपली साथीदार कार्लाक किंवा खुद्द ऑर्फियस. म्हणजे लेखकांनी हातातला आयता माइंड फ्लेअर पळवून लावला आणि लगेच नवा मागितला!

भांडुपवाली:
त्या आयत्याच्या हातात नेदरब्रेनला काबूत आणणारे दगड देऊन शेजारी ऑर्फियसला उभा करशील? मी नाही करणार. ऑर्फियस स्वतः तयार होतो, तेव्हा मी बराच वेळ बटण दाबलं नव्हतं.