लिंकिन पार्कचे ‘द एम्प्टिनेस मशीन’: जुन्या-नव्याचा मेळ की माघार?

सूरवेडा:
गायक चेस्टर बेनिंग्टन यांच्या २०१७ मधील निधनानंतर सात वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, लिंकिन पार्क या अमेरिकी रॉक बँडने नव्या गायिका एमिली आर्मस्ट्राँग यांना सोबत घेऊन ‘द एम्प्टिनेस मशीन’ हे गाणे आणले. सुरुवातीच्या काळातला गिटारचा आक्रमक बाज आणि नंतरच्या काळातली सुबक, सहज ओठांवर रुळणाऱ्या चालींची ओढ यांचा इतका एकजीव मेळ बँडला पूर्वी कधी साधला नव्हता, असे माझे मत आहे. पहिले कडवे आणि ध्रुवपद बँडचे जुने गायक-रॅपर माइक शिनोडा गातात; आर्मस्ट्राँग दुसऱ्या कडव्यात येतात, आणि तेच ध्रुवपद त्यांच्या खरखरीत, ताणलेल्या गळ्यातून आले की त्यातील वेदना प्रथमच उघडी पडते.

खर्ज:
मी सहमत नाही. जुन्या शैलीचा कणा केवळ गिटारचा जोर नव्हता. ‘हायब्रिड थिअरी’ (२०००) या अल्बममध्ये शिनोडांचे रॅप आणि बेनिंग्टन यांचे गाणे एकमेकांशी झगडत असे, आणि बँडमधील जो हान यांचे टर्नटेबल (तबकडी पुढे-मागे फिरवून आवाज काढण्याचे यंत्र) त्या झगड्याला धार देई. येथे शिनोडा रॅप करतच नाहीत, त्यामुळे जुन्याचा बाह्य आवाज तेवढा उरतो. ज्या बँडने २०१० मध्ये ‘अ थाउजंड सन्स’ या अल्बममध्ये अणुबॉम्बचे शास्त्रज्ञ ओपेनहायमर आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या ध्वनिमुद्रित वक्तव्यांना संगीतात गुंफण्याचे धाडस केले, त्याने श्रोत्यांना आवडेल याची खात्री असलेलेच पुढे करावे, ही मला माघार वाटते.

समेवर:
खर्ज, मग बँडने करावे तरी काय? २०१७ च्या ‘वन मोअर लाइट’ या अल्बममध्ये गिटार मागे पडली, तेव्हा ‘हे पॉपच्या आहारी गेले’ अशी ओरड झाली. आता गिटार परतली, तर ती माघार ठरते. रॅपच हवे असेल, तर त्याच महिन्यात आलेले बँडचे ‘हेवी इज द क्राउन’ हे गाणे ऐकावे. त्यात शिनोडांचे रॅप आहे आणि आर्मस्ट्राँग यांची श्वास रोखायला लावणारी दीर्घ किंकाळीही आहे.

सूरवेडा:
झगडा या गाण्यातही आहे, मात्र त्याची जागा बदलली आहे. शेवटाकडे, कशाचा तरी भाग होण्याची आस सांगणारी ओळ पुन्हा पुन्हा येते, तेव्हा तिच्यातील विनवणी हळूहळू संतापाकडे झुकते; हे काम पूर्वी रॅप आणि गाणे मिळून करत असत.

खर्ज:
त्या ओळीची ताकद मी नाकारत नाही, आणि आर्मस्ट्राँग यांच्या गळ्याविषयीही माझी तक्रार नाही. परंतु ‘पूर्वी कधी साधला नव्हता’ हे विधान टिकत नाही, कारण २०१२ च्या ‘बर्न इट डाउन’ या गाण्यामध्ये इलेक्ट्रॉनिक ठेका, शिनोडांचे रॅप आणि बेनिंग्टन यांचे ध्रुवपद एकत्र नांदले होते, आणि तेही एकाही घटकाला बाहेर न ठेवता. आर्मस्ट्राँग यांना बँडच्या जुन्या साच्यात बसवण्याऐवजी त्यांच्या गळ्यासाठीच नवा साचा घडवला जावा, एवढी माझी अपेक्षा आहे.