पर्यावरण धोरणात काम करायचे आहे: तयारीच्या काळात अभ्यास आणि राहणी यांची सांगड कशी घालावी?

उजनीकाठ

नमस्कार. मी इंदापूर तालुक्यातील, उजनी धरणाच्या फुगवट्यालगतच्या एका गावची. रसायनशास्त्रात बी.एस्सी. पूर्ण होत आले असून, जूनपासून पुण्यात राहून पर्यावरण धोरणाच्या पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करण्याचा विचार आहे. हा विषय निवडण्याचे कारण आमच्या दारातच आहे. उन्हाळ्यात फुगवट्याचे पाणी हिरवे पडते, काठाला जलपर्णी साचते, आणि पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेवाटे इथवर येते हे गावातील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. आता मी स्वतःच त्या प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहायला जाणार आहे, त्यामुळे आपली राहणी तरी शक्य तितकी निर्मळ असावी असे मनापासून वाटते.

राहण्याची सोय सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर झाली आहे. एका खोलीत चौघी, स्वयंपाकघर नाही, जेवण खानावळीचे आणि दिवसभर अभ्यासिका. अशा ठिकाणी नेमके काय करता येते, कोणता अभ्यासक्रम निवडावा, आणि या राहणीचा पुढच्या कामाशी खरोखर काही संबंध असतो का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

पाणलोट

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. मी वीज आणि पाणी यांच्या नियमनावर अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत काम करतो आणि नव्या उमेदवारांच्या मुलाखतींना बसतो. बांबूचा ब्रश वापरता का, असे आम्ही कोणालाही विचारत नाही. तुमच्या खोलीतील विजेचा दर कोण ठरवते आणि त्यावर हरकत कोठे नोंदवता येते, हे मात्र विचारतो, आणि उत्तम गुणांची मुले नेमकी तेथे अडतात. म्हणून माझे सांगणे असे की काटकसर जरूर करावी, पण तिच्यापाशी थांबू नये. त्या वस्तूमागचा नियम, तो करणारे कार्यालय आणि त्याचा भार सोसणारी माणसे इथपर्यंत पोहोचण्याची सवय याच वयात लावून घ्यावी.

सुरुवात खोलीच्या वीजबिलापासून करा. महावितरणच्या घरगुती बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असे वेगवेगळे रकाने असतात. वीज आकार टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्या १०० युनिटचा दर कमी आणि १०१ ते ३०० युनिटचा जास्त असतो. सवलतीचा टप्पा कमी वापर करणाऱ्या कुटुंबासाठी आखलेला आहे, परंतु एका मीटरवर चौघीजणी राहू लागल्या की प्रत्येकीचा वापर अगदी थोडा असूनही बिल वरच्या टप्प्यात जाते. इंधन समायोजन आकारात कोळशाच्या आणि खरेदी केलेल्या विजेच्या वाढत्या किमतीचा भार ग्राहकावर येतो, आणि वीज शुल्क, जे घरगुती ग्राहकाला १६ टक्के आहे, ते राज्य सरकारच्या तिजोरीत जाते. हे दर वीज कायदा २००३ नुसार महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. त्याआधी तो लेखी सूचना व हरकती मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो. पुण्यातील ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाने अशा सुनावण्यांत आकडेवारीनिशी मांडलेली निवेदने मिळवून वाचा. धोरणाचे काम प्रत्यक्षात कसे चालते हे पाठ्यपुस्तकापेक्षा त्यांतून अधिक कळते.

आता थोडा हिशेब. देशाच्या ग्रिडमधील एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. २ किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट झाले. जुना ७५ वॅटचा पंखा बारा तासांत ०.९ युनिट घेतो, तर ३० वॅटचा नवा पंखा ०.३६. मग भाड्याच्या खोल्यांतील पंखे बदलले का जात नाहीत? पंख्याचा खर्च मालकाने करायचा आणि बिल भाडेकरूने भरायचे, त्यामुळे बदल करण्यात दोघांनाही रस नसतो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना तारांकन (वीजबचतीची श्रेणी दाखवणारे तारे) सक्तीचे झाले, त्यामुळे नवे पंखे बरे येतील. परंतु भाड्याच्या घरातील जुन्या पंख्याचा प्रश्न त्या नियमाने सुटत नाही. तो कसा सोडवता येईल यावर दोन पाने लिहून पाहा. तुमच्या अर्जासोबत जोडायला ते लेखन कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाचे ठरेल.

पाण्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे, कारण तुमच्या मनातील मूळ प्रश्न तोच दिसतो. शहरी पुरवठ्याच्या नियोजनात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातील सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते असे मानतात. तुम्ही पाणी निम्मे वापरले, तरी मलमूत्र, साबण आणि अन्नाचा अंश तेवढाच राहतो; पाण्यातील त्याची तीव्रता फक्त वाढते. तुम्ही रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी आहात, तेव्हा भार आणि तीव्रता यांतील फरक तुम्हाला वेगळा सांगायला नको. उजनी स्वच्छ होईल ती सांडपाणी पूर्ण क्षमतेने प्रक्रिया करून सोडल्यावरच, आणि ते काम महापालिकांचे आहे, त्यावर देखरेख महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची आहे.

याचा अर्थ पाणी वाचवणे व्यर्थ आहे असा मुळीच नाही. त्याचा लाभ वेगळ्या ठिकाणी होतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचे पाणी पुणे शहर आणि दौंड-इंदापूरकडील शेती या दोघांत वाटले जाते, आणि कालव्याच्या आवर्तनांबाबत, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्यांबाबत, कालवा सल्लागार समितीत दरवर्षी ओढाताण होते. शहरात वाचलेले पाणी तुमच्याच तालुक्यातील कालव्यात सुटू शकते. ते खरोखर सुटते का, ते महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम २००५ खाली ठरणारे हक्क आणि त्या समितीतील निर्णय यांवर अवलंबून राहते. तेव्हा नळ बंद ठेवा आणि समितीचे निर्णयही वाचा.

ओला_सुका

उजनीकाठ, तुमच्यासारख्या मुलींच्या वसतिगृहांत मी कचरा वर्गीकरणाचे काम केले आहे, म्हणून त्याविषयीच लिहिते. चौघींच्या खोलीत खत करण्याचा खटाटोप सहसा टिकत नाही. खोलीत ओला कचरा फळांच्या सालींइतकाच निघतो आणि खरा ओला कचरा खानावळीत तयार होतो. म्हणून खोलीत दोनऐवजी तीन भाग करा: ओला, सुका आणि सॅनिटरी. तिसरा भाग अतिशय महत्त्वाचा आहे. पुण्यात दारोदार कचरा गोळा करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडे आहे. १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून ती उभी राहिली. या संस्थेतील बहुसंख्य सदस्य महिला आहेत आणि सुक्या कचऱ्यातील विकण्याजोगा माल त्या हातांनी वेगळा करतात. वापरलेला पॅड उघडा टाकला तर तो त्यांना हाताने उचलावा लागतो. जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, वर लाल ठिपका काढून तो वेगळा द्यावा, अशी मोहीम पुण्यात याच कारणाने चालवली गेली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तर पॅडसोबत गुंडाळण्याची पिशवी देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली होती. ती कितपत पाळली गेली हे दुकानात जाऊन पाकिटे उघडून पाहिल्यास लगेच समजते. मेन्स्ट्रुअल कप किंवा कापडी पॅड वापरणे जमत असेल तर उत्तमच, पण सामायिक न्हाणीघर आणि पाण्याची अडचण असताना स्वतःला दोष देत बसू नये.

सकाळी कचरा द्यायला स्वतः खाली जा आणि त्या ताईंशी बोला. कोणत्या प्लॅस्टिकला भाव मिळतो आणि कोणते फुकटही कोणी घेत नाही, हे त्या तुम्हाला पिशवी हातात घेताच सांगतील. बिस्किटाच्या आणि वेफर्सच्या बहुपदरी वेष्टनांना भाव नाही, हे एकदा पाहिले की उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीचे, म्हणजे विकलेल्या वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे, नियम केवळ परीक्षेपुरते राहत नाहीत.

बाकी गोष्टी सोप्या आहेत. खानावळीत स्वतःचा स्टीलचा डबा न्यावा. पुस्तके अप्पा बळवंत चौकातून जुनी घ्यावीत आणि परीक्षेनंतर तेथेच परत द्यावीत. ‘इको-फ्रेंडली’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या वस्तू घेऊ नयेत. घरून आणलेली गोधडी, तांब्या आणि पिशवी यांपेक्षा कमी भार असलेली वस्तू कोणतेही दुकान विकत नाही.

कलम_४८अ

मी वकील आहे आणि पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील पश्चिम विभागीय खंडपीठात काम पाहतो. पाणलोट यांच्याशी सहमत असून त्यात कायद्याची भर घालतो.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ हा भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर आला. त्याखाली निघालेली १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर होणारा परिणाम आधी तपासण्याची, अधिसूचना मुळातून वाचा, मार्गदर्शिकांतून नको. जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो, आणि सुनावणीला किती लोक हजर असावेत अशी गणसंख्येची अट नाही. या शेवटच्या तरतुदीचा परिणाम काय होतो, याचा स्वतः विचार करा. त्यानंतर ‘परिवेश’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर आपल्या जिल्ह्यातील एखादा प्रस्ताव शोधावा. अहवाल, सुनावणीचे इतिवृत्त आणि मंजुरीच्या अटी तेथे पाहायला मिळतात. मराठी सारांश आणि मूळ इंग्रजी अहवाल शेजारी ठेवून वाचल्यास गावकऱ्यांपर्यंत काय पोहोचले आणि काय गळाले, हे उमजते. तुमच्यासारखी, दोन्ही भाषा आणि नदीचा काठ जाणणारी माणसे या क्षेत्रात फार थोडी आहेत, आणि हे मी कौतुक म्हणून नव्हे तर गरज म्हणून लिहितो आहे.

मुदतींकडे आतापासून लक्ष द्यायला शिका. पर्यावरण मंजुरीविरुद्ध न्यायाधिकरणाकडे अपील करण्यासाठी ३० दिवस मिळतात आणि पुरेसे कारण असल्यास आणखी ६०. चांगली प्रकरणे केवळ उशिरा कळल्यामुळे बाद होतात.

उजनीकाठ

सर्वांची अत्यंत आभारी आहे. भार आणि तीव्रता यांचा मुद्दा वर्गात शिकले होते, पण स्वतःच्या बादलीला तो लावून पाहिला नव्हता. दोन शंका उरल्या. अभ्यासक्रमांपैकी कशाला प्राधान्य द्यावे? घरची शेती असल्याने मोठे शुल्क परवडणार नाही. आणि घरच्यांचा आग्रह स्पर्धा परीक्षेचा आहे, त्याचे काय करावे?

पाणलोट

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हवामान बदल व शाश्वतता या विषयाचा, तर दिल्लीच्या टेरी स्कूल ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडीजमध्ये याच क्षेत्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आहे. खर्चाचा विचार करता सरकारी विद्यापीठ आधी पाहावे. मात्र माझा आग्रह वेगळाच आहे: पाया विज्ञानाचा असलेल्यांनी पुढचे शिक्षण अर्थशास्त्राचे किंवा कायद्याचे घ्यावे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अहवाल वाचू शकणारे पुष्कळ भेटतात. तो अहवाल वाचून महापालिकेच्या अंदाजपत्रकात सांडपाण्यासाठी किती तरतूद झाली आणि किती खर्च पडला हे ताडून पाहणारे फार थोडे. पुण्यातील गोखले संस्थेचा अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम म्हणूनच विचारात घ्या.

स्पर्धा परीक्षेबाबत घरच्यांशी वाद घालू नका. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या पत्रिकेत पर्यावरण आणि आघात मूल्यांकन आहेच, आणि भारतीय वनसेवेच्या ऐच्छिक विषयांत रसायनशास्त्रही आहे. ठरावीक प्रयत्नांची मर्यादा घरी बोलून आधीच निश्चित करा आणि त्या काळातही काही ना काही लिहीत राहा.

कलम_४८अ

पहिल्या महिन्यासाठी एक काम सुचवतो. राज्य शासनाच्या २०१८ च्या आदेशानुसार महापालिका आणि जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांचे मासिक अहवाल पाहायला मागा. नकार मिळाला तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जात एकच विषय असावा, तो १५० शब्दांत बसवावा, आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नका. केंद्राचे नाव, महिना, आत आलेले आणि प्रक्रिया होऊन बाहेर पडलेले पाणी, त्यातील जैविक ऑक्सिजन मागणी (पाण्यातील सेंद्रिय घाण दाखवणारे मोजमाप) असे रकानेच मागा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. आले की येथे टाका, आपण सगळे मिळून वाचू.