रॉबर्ट मॉरिस : युद्धाला पैसा उभा करणारा माणूस कर्जापायी तुरुंगात कसा गेला?

पानपलटू : अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावर वाचतेय आणि रॉबर्ट मॉरिसपाशी अडकलेय. फिलाडेल्फियाचा व्यापारी, १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही, पुढे संविधानावरही सही, मग सिनेटर. आणि १७९८ मध्ये थेट कर्जबुडव्यांच्या तुरुंगात! युद्धासाठी त्यानं सगळं ओतलं आणि देशानं वाऱ्यावर सोडलं, असं समजायचं का? कुणाला नीट माहिती असेल तर कृपया सांगा.

उंबरठा : मीही तसंच वाचलंय. ज्याच्या पैशावर लढाई जिंकली, त्याला म्हातारपणी कोठडी. फार वाईट वाटतं.

जुनी खतावणी : वाईट मलाही वाटतं, पण युद्धानं मॉरिसला बुडवलं नाही. तो बुडाला नंतर, जमिनीच्या व्यवहारांत. माझी तीस वर्षं बँकेच्या कर्ज खात्यात गेली, म्हणून मी या माणसाच्या सहीकडे बघतो. त्याच्याकडे सोन्याच्या राशी नव्हत्या. होती ती पत.

जन्म १७३४, लिव्हरपूल. लहानपणीच मेरीलँडला तंबाखूच्या धंद्यात असलेल्या वडिलांकडे आला. वडील १७५० मध्ये गेले. जहाजानं सलामीची तोफ उडवली, तिचा बोळा लागून झालेली जखम जिवावर बेतली. पोरका मुलगा फिलाडेल्फियात विलिंग यांच्या पेढीवर उमेदवारी करत होता, १७५७ मध्ये तिथेच भागीदार झाला. या पेढीनं गुलामांचाही व्यापार केला. मॉरिसचं कौतुक करताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

स्वातंत्र्याच्या मतदानाला, २ जुलै १७७६ ला, तो गैरहजर राहिला. वेळ आलेली नाही असं त्याचं मत होतं. ऑगस्टमध्ये मात्र सही केली आणि मग मागे वळून पाहिलं नाही.

त्या डिसेंबरात इंग्रज फौजेच्या भीतीनं काँग्रेस (वसाहतींच्या प्रतिनिधींची मध्यवर्ती सभा) बाल्टिमोरला निघून गेली, मॉरिस फिलाडेल्फियातच थांबला. सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनला हेरांना देण्यासाठी रोख नाणी हवी होती, कारण कागदी चलन घेऊन कुणी शत्रूच्या छावणीत जीव धोक्यात घालत नाही. मॉरिसनं पाठवलेल्या पैशाची मोजदाद अशी : ४१० स्पॅनिश डॉलर, २ इंग्लिश क्राऊन, ७२ फ्रेंच क्राऊन, १०७२ शिलिंग. ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बराच वेळ तिच्याकडेच बघत बसलो. एका तिजोरीतून काढलेली रक्कम अशी नसते. तीन देशांची नाणी, त्यात इंग्लिश क्राऊन फक्त दोन! ज्याच्याकडे जे निघालं ते गोळा केलेलं आहे. पाठोपाठ त्यानं सैनिकांच्या बक्षिसासाठी ५०,००० कागदी डॉलर उभे केले. मुदत संपलेले सैनिक त्या भरवशावर आणखी सहा आठवडे राहिले, आणि ३ जानेवारीला प्रिन्स्टनची लढाई झाली.

१७८१ मध्ये तो अर्थखात्याचा प्रमुख झाला तेव्हा काँग्रेसच्या कागदी डॉलरला जवळपास काहीच किंमत उरली नव्हती. म्हणून त्यानं स्वतःच्या सहीच्या चिठ्ठ्या काढल्या. सरकारची नोट नाकारणारा व्यापारी मॉरिसची चिठ्ठी घेई. यॉर्कटाऊनच्या निर्णायक लढाईला निघालेल्या सैन्याचा महिन्याचा पगार त्यानं फ्रेंच सेनापती रोशांबोकडून २०,००० डॉलरची नाणी उसनी घेऊन भागवला. १७८३ मध्ये फौज घरी पाठवताना तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्यांवरही त्यानंच सह्या केल्या. त्या पोचेपर्यंत पुष्कळ सैनिक रिकाम्या हातानं निघून गेले होते. ते मला फार लागतं.

काँग्रेसची कंत्राटं त्याच्या स्वतःच्या पेढीलाही मिळत, त्यावरून १७७९ मध्ये गदारोळ झाला. काँग्रेसच्या समितीनं त्याला निर्दोष ठरवलं. तरी सरकारी माल आणि घरचा माल एकाच गलबतात भरणं मला मान्य नाही. हिशेब चोख असला तरी बघणाऱ्याच्या मनातला संशय जात नाही.

पानपलटू : काका, मग बुडाला कुठे?

जुनी खतावणी : उधारीवरच्या जमिनीत. सिनेटर असतानाच. १७९३ मध्ये त्यानं ग्रीनलीफ नावाच्या जमिनीच्या सट्टेबाजाबरोबर नव्या राजधानीतले ६,००० भूखंड घेतले, प्रत्येकी ८० डॉलर, सात वार्षिक हप्त्यांत. वर दरसाल विटांची वीस घरं बांधून द्यायची अट. मग १७९५ मध्ये निकल्सन हा दुसरा सट्टेबाज आणि ग्रीनलीफ यांच्यासह जमिनीची कंपनी काढली, साठ लाख एकर! युरोपातून गिऱ्हाईक आणि भांडवल येईल हा हिशेब होता, पण तिकडे युद्ध पेटलं. हप्ते आणि कर थांबेनात. मॉरिस निकल्सनच्या हुंडीवर सही करी, निकल्सन मॉरिसच्या. असे कागद माझ्या टेबलावरही आले आहेत. दोन्ही सह्या खऱ्या आणि मागे रोकड नाही. घेणेकरी दारात बसले तेव्हा तो स्वतःच्या बंगल्यात कोंडून घेऊन राहिला. नव्या राजधानीचा नकाशा आखणाऱ्या लाँफाँनं आराखडा केलेला त्याचा संगमरवरी वाडा चेस्टनट स्ट्रीटवर अर्धवटच राहिला.

फेब्रुवारी १७९८ मध्ये अटक. त्या नोव्हेंबरात वॉशिंग्टन तुरुंगात त्याच्याबरोबर जेवायला गेला, ज्याला कधीकाळी त्यानं नाणी पाठवली होती. सुटका १८०० च्या दिवाळखोरीच्या कायद्यामुळे १८०१ मध्ये झाली. १८०६ मध्ये तो गेला.

उंबरठा : सुटल्यावर जगले कशावर?

जुनी खतावणी : बायकोच्या सहीवर. मॉरिसनं विकलेल्या न्यूयॉर्कमधल्या जमिनींवर मेरीचा पत्नी म्हणून हक्क उरला होता, आणि त्या जमिनी घेणाऱ्या हॉलंड लँड कंपनीला तो सोडून हवा होता. गव्हर्नर मॉरिस या मित्रानं (आडनाव एक, नातं नाही, ‘गव्हर्नर’ हे नावच) मध्ये पडून त्या बदल्यात तिला वर्षाला १,५०० डॉलर तहहयात मिळवून दिले. फिलाडेल्फियातलं त्यांचं लहानसं घर त्यावर चाललं.